हातभर मागे

इनास,

तुझ्या मयतीला चर्च भरून माणसं मागे उभी होती. पार दारापर्यंत. मी पेटीच्या मागोमाग चालत होतो, डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, आणि तरी मनात पहिला विचार आला तो हा, की माझ्या वेळेला एवढी येतील का? शपथ सांगतो. घरी येऊन आमच्या फिलूला बोललो तर ती कोट काढता काढता थांबली. म्हणाली, "बस्त्याव, तुला मेल्या माणसाचाही हेवा वाटतो का रे?" वाटतो. पस्तीस वर्षांची सवय एका शनिवारात कशी जाईल?

पण लिहायला बसलोय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. पंधरा दिवसांमागे हॉस्पिटलात तू मला एक प्रश्न विचारलास आणि मी तुला खोटं उत्तर दिलं. दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन थेट तुझ्या पायांवर पडत होतं आणि तू म्हणालास, पडदा राहू दे, बरं वाटतंय. मग छताकडे बघत विचारलंस, "बास, त्या दिवशी शेडमध्ये तू माझ्या मागेच होतास. मी काय केलं होतं रे? तसं परत कधीच का नाही वाजलं?" मी म्हणालो, "देवाची कृपा होती त्या दिवशी. असं एकदाच होतं." तू मान हलवलीस. तेवढ्यात नर्स गोळ्या घेऊन आली आणि मी माझ्या परसातल्या टोमॅटोंबद्दल बोलायला लागलो. मला उत्तर माहीत होतं, इनास. दहा वर्षं माहीत होतं. तू आठवड्याने गेलास.

पहिल्यापासून सांगतो, कारण तू तुझ्या बाजूने सांगायचास तेव्हा नेहमी गोड करून सांगायचास. गावच्या चर्चच्या क्वायरमध्ये मेस्तरांनी आपल्या दोघांच्या हातात एकाच दिवशी मॅन्डोलिन दिलं. मी तीन महिन्यांत नोटेशन वाचायला लागलो. तू वर्षभर कानावर वाजवत होतास, बोटं वाकडी, बसणं वाकडं, आणि सणाच्या दिवशी चर्चमध्ये मिस्सेला चुकलास की हसायचास. मेस्तर एकदा माझ्या बापाला म्हणाले, "तुमच्या पोराचा हात स्वच्छ आहे." माझी छाती फुगली. मग तुझ्याकडे बघून म्हणाले, "आणि ह्याचा गोड आहे." बापाने घरी जाऊन पहिलं वाक्य सांगितलं. मला आजतागायत दुसरंच आठवतं.

मेलबर्नला आधी मी आलो. ड्राफ्ट्समनची नोकरी, एक खोली, आणि रविवारी मिस्सा झाल्यावर बोलायला कुत्रं नाही. तुला पत्रं लिहून लिहून मीच बोलावलं, हे लक्षात असू दे. तू आलास, मशीनशॉपला लागलास, आणि दोन महिन्यांत त्या रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला तुझं नाव माहीत! मला तीन वर्षांत दूधवाला ओळखत नव्हता. तू सुकट भाजलीस तेव्हा शेजारीण तक्रार करायला आली आणि तासाभराने तुझ्याकडून भाताबरोबर खाऊन गेली. मी भाजली असती तर पोलीस आले असते.

आणि मग वाद्यांच्या दुकानातल्या बोर्डावर ती चिठ्ठी मी पाहिली. मी, तू नाही. 'मॅन्डोलिन वाजवणारा पाहिजे.' ग्लेन वेव्हर्लीला कॉलिनच्या गॅरेजमध्ये आपण दोघे गेलो, एकच मॅन्डोलिन घेऊन, माझं. कॉलिन शाळेत मास्तर, बॅन्जो वाजवायचा, पायात कायम रबरी चपला. त्याने आधी आपल्याला एक अमेरिकन रेकॉर्ड ऐकवली. ब्लूग्रास हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ढोल नाही, ताशा नाही, नुसत्या तारा. सगळे एकत्र धावतात, आणि मग एकेक जण पुढे येऊन आपलं वाजवून परत मागे जातो. तू म्हणालास, "हे तर आपल्या गावच्या लग्नातल्या बॅन्डसारखंच आहे. क्लॅरिनेटवाला पुढे येतो, दोन ओळी वाजवतो, नवऱ्यामुलाच्या मामाकडून पेग घेतो आणि मागे जातो." कॉलिन पोट धरून हसला. मी तेव्हाच ओळखलं की झालं.

आधी मी वाजवलं. एक चूक नाही. मग तू माझंच मॅन्डोलिन घेऊन वाजवलंस, दोनदा घसरलास, दुसऱ्यांदा घसरलास तिथे हसून पुन्हा त्याच सुरावर घसरलास, मुद्दाम, आणि ते असं काही लागलं की कॉलिनची बायको घरातून दारापर्यंत आली. कॉलिन म्हणाला, "इग्गी, यू आर आवर मॅन्डोलिन, मेट." मग माझ्याकडे वळून, अगदी प्रेमाने, "बॅझ, गिटार वाजवशील?" मी म्हणालो, नो वरीज. ह्या देशात आल्यावर शिकलेले पहिले दोन शब्द.

सहा वर्षं मी तुझ्या मागे गिटार वाजवली. पबमध्ये, शेतकी मेळ्यांत, एकदा तर मेंढ्यांच्या लिलावात. तुझ्या स्टेशन वॅगनमधून जायचो, तुझी रोझी डब्यात मैद्याचे फुगे तळून द्यायची आणि कॉलिन ते टोमॅटो सॉसमध्ये बुडवून खायचा. खोटं बोलणार नाही, सुखाचे दिवस होते. तुझ्याइतकं कोणी मला हसवलं नाही. परत येताना तू गाडी चालवत क्वायरमधली गाणी म्हणायचास आणि मी खालचा सूर धरायचो, आणि त्या तासाभरात मला तुझा अजिबात राग नसायचा. दार उघडून घरात शिरलो आणि फिलूने विचारलं, "इनासने काय वाजवलं आज?" की पुन्हा पोटात दुखायला लागायचं. मी काय वाजवलं हे कधी विचारलं तिने?

मग ती रेकॉर्ड.

कॉलिनच्या काकाची जमीन वेरिबीच्या पलीकडे होती. तिथे मेंढ्यांची लोकर कातरायची जुनी लाकडी शेड. कॉलिनला तिथेच रेकॉर्डिंग करायचं होतं, कारण आत टाळी वाजवली की आवाज भिंतींवरून फिरून परत यायचा. ट्रेव्हर नावाचा रेकॉर्डिंगवाला आला, टेप मशीन आणि एकच चांगला माइक घेऊन. तो माइक वरच्या तुळईवरून मधोमध टांगला आणि आपण सगळे त्याच्याभोवती गोल. कोणाचा आवाज किती, हे यंत्रावर नाही, पायांवर ठरणार: जोरात वाजणारा बॅन्जो लांब, मॅन्डोलिन जवळ. प्रत्येकाला खडूच्या दोन खुणा. बाहेरची साथीसाठी, आतली आपली पाळी आली की पुढे येण्यासाठी. आणि मोजायचं काम कोणाचं? ड्राफ्ट्समनचं. मी माइकवरून ओळंबा सोडला, जमिनीवर मध्य काढला, मापाची टेप लावून सगळ्यांच्या खुणा केल्या. ट्रेव्हर म्हणाला, "ब्यूटिफुल जॉब, बॅझ." दोन दिवसांत माझी झालेली तेवढीच स्तुती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुझी ती संथ धून घ्यायची होती. शब्द नाहीत, गाणारा नाही, सबंध तुझीच. सकाळी तू सहज वाजवून दाखवलीस तर कॉलिन म्हणाला, ह्या एका धुनीसाठी लोक रेकॉर्ड विकत घेतील. जेवायच्या सुट्टीत सगळे बाहेर सॉसेज भाजत होते. तुझं हसणं आत ऐकू येत होतं. मी एकटा शेडमध्ये. लाकडात मुरलेल्या लोकरीचा तो तेलकट वास. मी तुझी आतली खूण बुटाने पुसली आणि हातभर मागे नवी काढली. एका मिनिटाचं काम. मग बाहेर येऊन तुझ्याच हातचं सॉसेज खाल्लं.

मला काय हवं होतं? एवढंच, की तुझा आवाज दबावा. टेप ऐकताना कॉलिनने कपाळाला आठी घालावी. कोणीतरी म्हणावं, इग्गीचं आज काही जमत नाही, बॅझ, तू बघ बरं एकदा वाजवून.

तू खुणेवर येऊन उभा राहिलास. खाली एकदा पाहिलंस आणि ट्रेव्हरला म्हणालास, "बास मेझर्ड इट, सो इट्स राइट." विश्वास होता तुझा. आणि तू वाजवायला लागलास, आणि तुझा आवाज खरंच लांबून आला. मग जे झालं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तू ऐकू येईनास म्हणून कॉलिनने बॅन्जो हळू केला. फिडलवाला हळू झाला. आणि माझा हात, इनास, माझा हात माझं न ऐकता हळू झाला. मी मनात म्हणतोय, दाब, जोरात दाब, बुडव ह्याला. हात मात्र तुझी पुढची जागा ऐकायला थांबतोय. सगळी शेड श्वास रोखून तुझ्याकडे कान लावून होती. तू शेवटचा सूर सोडलास. ट्रेव्हर म्हणाला, "थोडं लांब वाटतंय, पण कोणी हात लावू नका." तू टेप ऐकलीस आणि पोरासारखा म्हणालास, "हे मी वाजवलं?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, माझं उलटं झालं. माकड करायला गेलो आणि देव झाला. तोही तुझा.

पुढच्या शनिवारी मी कन्फेशनला गेलो. आयरिश फादर. मी म्हणालो, फादर, मी हेव्यापोटी मित्राची खडूची खूण हलवली. त्यांनी जाळीला कान लावला. मग विचारलं, "क्रिकेटमध्ये?" मी समजावून सांगितलं. त्यांनी प्रायश्चित्ताला तीन नमो मरिया म्हणायला सांगितल्या आणि हळूच विचारलं, ती रेकॉर्ड कुठे मिळेल?

मिळायला लागली, सगळीकडे. रेडिओवर त्या धुनीबद्दल बोलायचे तेव्हा म्हणायचे, हे मॅन्डोलिन दूरदेशाहून येतं, ह्यात समुद्रापलीकडच्या घराची आठवण आहे. मी स्वयंपाकघरात उभा राहून रेडिओला शिव्या द्यायचो. कसली घराची आठवण रे! हातभर अंतर होतं ते! माझ्या बुटाने पुसलेलं! मला खिडकी उघडून ओरडावंसं वाटायचं की हे मी केलंय. पण श्रेय घ्यायचं तर आधी चोरी कबूल करायला हवी, अशी माझी गत. आणि तुला कोणी विचारलं, हे कसं साधलंत, की तू खरं सांगायचास, "ठाऊक नाही." तुझा तो खरेपणा मला सर्वांत जास्त झोंबायचा.

पण खडू हे माझं खरं पाप नाहीच. ते एका मिनिटाचं होतं. खरं पाप दहा वर्षांचं आहे.

तू तो आवाज परत शोधायला लागलास. स्टेजवर माइकच्या जवळ उभा राहून ती धून वाजवायचास, आणि लोक टाळ्या वाजवून एकमेकांना सांगायचे, रेकॉर्डसारखं नाही. तू ऐकायचास ते. तारा बदलल्यास. नखी बदललीस, कासवाच्या पाठीची कुठून तरी मिळवलीस. दुसरं मॅन्डोलिन आणलंस, मग तिसरं. कॉलिनने दुसरी रेकॉर्ड करायची म्हटलं तर तू तीनदा पुढे ढकललीस, आणि मग तो म्हणेनासा झाला. शनिवारी मी तुझ्याकडे यायचो तेव्हा तू गॅरेजमध्ये असायचास, पाठमोरा, त्याच दोन ओळी पुन्हा पुन्हा. मला बघून म्हणायचास, "ऐक रे बास, आता जवळ आलंय का?" मी डोकं वाकडं करून ऐकल्यासारखं करायचो. म्हणायचो, "अजून नाही."

एक वाक्य होतं. 'जरा मागे सरक.' कसं कळलं ते सांगायचीही गरज नव्हती. नुसतं सुचल्यासारखं बोललो असतो तरी चाललं असतं. आणि मला, लिहायलाच बसलोय तर लिहितो, मला बरं वाटायचं. तू अडलेला बघून बरं वाटायचं. घरी जाताना मी गाडीत शीळ घालायचो.

परवा, सातव्या दिवसाच्या मिस्सेच्या आदल्या दिवशी, मी रोझीकडे गेलो. लीना हॉलमध्ये तुझं मॅन्डोलिन घेऊन बसली होती. तुझी मुलगी आता युनिव्हर्सिटीच्या शेवटच्या वर्षाला आहे हे तुला सांगायला नको, पण तिला वाजवताना मी नीट कधी ऐकलं नव्हतं. टेबलावर कॅसेट रेकॉर्डर, समोर माइक, मिस्सेच्या शेवटी तुझी धून वाजवायची म्हणून तयारी. टेप मागे घेऊन ऐकायची, मान हलवायची. मला म्हणाली, "अंकल बास, इट डझन्ट साउंड लाइक द रेकॉर्ड. व्हॉट डिड ही डू?"

आणि माझ्या तोंडातून काय निघालं? "प्रॅक्टिस कर, येईल."

मी बाहेर येऊन गाडीत बसलो. किल्ली लावली. तुझ्या पोरीचाही हेवा, बस्त्याव? उद्या तिच्या पोराचाही करशील. मला माझीच अशी किळस आली की किल्ली फिरवता येईना. परत गेलो, बेल वाजवली आणि दारातच उभं राहून दोघींना सगळं सांगितलं. खडू, बूट, हातभर, दहा वर्षं, हॉस्पिटल. सगळं.

रोझी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हातातला कप टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "तो म्हणायचा, रोझी, माझा हात गेला. जेवता जेवता हात बघत बसायचा. आणि तू त्याच टेबलावर बसून माझा चहा प्यायचास." मग आत गेली आणि दार लावून घेतलं. मिस्सेला तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहील असं मला वाटतही नाही, आणि मी मागणारही नाही.

लीना परत टेबलाशी जाऊन बसली. मग तिने मला विचारलं, "हाऊ फार?" मी हात लांब करून दाखवला. मला वाटलं आता ती खुर्ची मागे घेईल. तिने माइक उचलून आणखी जवळ ओढला. म्हणाली, "दॅट्स द रेकॉर्ड. आय डिडन्ट ग्रो अप विथ द रेकॉर्ड. आय ग्रू अप विथ द गॅरेज." मग मराठीत, शब्द शोधत, "डॅड रोज हे असं वाजवायचा. मला हेच आवडतं." कोपऱ्यातली तुझी गिटार माझ्या हातात दिली आणि म्हणाली की साथ कर, दुसऱ्या कोणाला ती येत नाही.

मी साथ केली. ती तू गॅरेजमध्ये वाजवायचास तसं वाजवत होती, जवळून, बोटांचा तारेवर घासण्याचा आवाजही येत होता. घसरायच्या जागी घसरत होती, आणि तिथेच हसत होती. त्या दहा वर्षांत मी समोर उभा राहून हे शेकडो वेळा ऐकलं होतं, फक्त ते बिघडलंय का एवढंच बघायला. ते बिघडलं नव्हतं रे. ते रेकॉर्डपेक्षा चांगलं होतं. तुझा हात कुठेच गेला नव्हता, आणि हे तुला सांगू शकणारा एकच माणूस जगात होता, तो 'अजून नाही' म्हणून शीळ घालत घरी जात होता.

एक वाक्य मी तुला पस्तीस वर्षांत म्हणालो नाही. मेस्तरांनी म्हटलं, कॉलिनने म्हटलं, फिलूने तर रोज म्हटलं. तू माझ्यापेक्षा चांगला वाजवायचास, इनास. घे, लिहिलं. अजूनही मला ते आवडत नाही, पण लिहिलं.

बस्त्याव